आमचा सुकाणू गेला (कॉलेजच्या बोट क्लबातल्या आठवणी)

स्ट्रोकसीट

बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या वर्गातला एक मित्र गेला. दोन-अडीच वर्षं आजारी होता, त्यामुळे अगदी अचानक असं नाही, पण तरी. नाव लिहीत नाही कारण स्वतःचं नाव कुठेही छापून आलेलं त्याला चालायचं नाही, वर्गाच्या ग्रुपवर वाढदिवसाला नाव घेऊन शुभेच्छा दिल्या तरी वैतागायचा. आम्ही त्याला सुकाणू म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

पहिल्या वर्षाला तो बोट क्लबात आला तो वल्ही मारायलाच. उंची पाच फूट दोन इंच, वजन ५१ किलो. सरांनी एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, तू कॉक्स. त्याला तेव्हा कॉक्स म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, त्याला वाटलं बढती मिळाली. मग कळलं की बाकी चौघं घाम गाळणार आणि आपण मागे बसून दोऱ्या धरायच्या आणि ओरडायचं. आठवडाभर घुश्शात होता. आठव्या दिवशी आला तो सगळ्या कमांड पाठ करूनच आला आणि मग चार वर्षं आमची बोट त्यानेच चालवली.

वल्हवणारे सगळे पाठमोरे बसतात, म्हणजे बोट जिकडे जाते तिकडे आपली पाठ. पुढचं फक्त कॉक्सला दिसतं. मी स्ट्रोकला बसायचो, त्यामुळे माझ्यासमोर हातभर अंतरावर त्याचा चेहरा. पुढे पाणी कसं आहे, शेजारची बोट कुठे आहे, किती राहिलं, हे सगळं मी चार वर्षं त्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखायला शिकलो. डावी भुवई वर गेली की समजायचं मागून कोणीतरी येतंय. आता गेले दोन आठवडे रात्री झोप लागत नाही तेव्हा तीच भुवई दिसते म्हणून शेवटी इथे लिहायला बसलो. आपल्या क्लबातले कोणी इथे असतील तर या बाबांनो, लिहा काहीतरी.

कोरडा_प्रवासी

वाईट वाटलं वाचून. श्रद्धांजली.

एक विचारू का, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पाचवा माणूस वल्हवतच नाही तर त्याचं ओझं कशाला घ्यायचं? आणि विचारू नये पण, ते पाण्यात वगैरे नाही ना गेले?

स्ट्रोकसीट

नाही हो, पाण्यात नाही. हॉस्पिटलात गेला. पाण्यात जाणाऱ्यातला तो नव्हताच, लाइफ जॅकेटची बकलं तो दोन-दोनदा ओढून बघायचा, आमचीसुद्धा.

ओझ्याचं म्हणाल तर मजा अशी आहे की उलट त्याचं ओझं कमी पडायचं. कॉक्स अगदीच हलका असेल तर बोटीला फायदा होतो, म्हणून वजनाची किमान मर्यादा असते, ५५ किलो, आणि कमी भरलं तर उरलेलं वजन बरोबर न्यायचं. म्हणजे आमच्या सुकाणूला चार किलो वाळू. खाकी कापडाची पिशवी होती, तिला तो "आमची धाकटी" म्हणायचा. रेसच्या आधी वजनकाट्यावर दोघं उभे, तो आणि धाकटी.

आणि वल्हवत नाही म्हणून काही करत नाही असं नाही. २००० मीटर आपण पुढचं न बघता जीव खाऊन वल्ही मारतो, तेव्हा सरळ नेणारा आणि आता दम राखा, आता सोडा, हे सांगणारा कोणीतरी लागतो. चौघांचा वेग, चौघांचा मूड, सगळं त्याच्या हातात. तरी लोकांना तुमच्यासारखंच वाटतं, त्याचं त्याला फार लागायचं. १९९२ च्या बार्सिलोनानंतर पुरुषांची कॉक्सवाली फोर (चार वल्हेकऱ्यांची, आमची तीच) आणि कॉक्सवाली पेअर (दोघांची) दोन्ही ऑलिंपिकमधून काढून टाकल्या, राहिली फक्त आठ जणांची बोट. हे वाचलं त्या दिवशी तो माझ्याशी असा बोलत होता जसं काही मीच मतदान करून काढलंय.

बो_वाला

अरे!! मी आहे इथे. आयडीवरून ओळखलं असशील.

तू म्हणतोस चेहरा. मी बो ला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला, मला रेसमध्ये त्याचा चेहरा कधीच दिसला नाही, मधे तुमच्या तीन पाठी. माझ्यासाठी सुकाणू म्हणजे आवाज. तेव्हा आपल्याकडे माईक-स्पीकर काही नव्हतं, तो डोक्याला इलॅस्टिकने बांधायचा प्लास्टिकचा भोंगा होता ना, त्यातून. आणि गंमत बघ, एरवी वर्गात त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा नाही, हजेरीला दोनदा ओरडावं लागायचं, पण बोटीत बसला की काय व्हायचं त्याला कुणास ठाऊक. "बो, उशीर!" एवढे दोनच शब्द. शिवी नाही, भाषण नाही. अजूनही कुठे जायला उशीर झाला की डोक्यात भोंग्यातून ऐकू येतं.

त्या बार्सिलोनाच्या रेसचं त्याला वेडच होतं. कॉक्सवाली पेअर, इटलीचे अबान्याले बंधू, १९८४ आणि १९८८ दोन्हीची सुवर्णं त्यांचीच, आणि त्यांना ब्रिटनच्या सर्ल बंधूंनी अगदी शेवटाला गाठलं. आम्ही तेव्हा नुसता पेपरात निकाल वाचला होता. यूट्यूब आल्यावर त्याने मला लिंक पाठवली, खाली लिहिलेलं, "रेस बघू नकोस, बक्षीस समारंभ बघ". तर त्यात ते दोघं धिप्पाड भाऊ शांत उभे आणि त्यांचा कॉक्स गॅरी हर्बर्ट लहान मुलासारखा रडतोय. मी फोन केला तर म्हणाला, बघितलंस, ज्याने एक वल्हं मारलं नाही तोच रडतोय.

जिबशीट

मी त्याच वर्गातली, पण तुमच्या फोरमधली अर्थातच नाही :) त्या काळी मुलींना रोइंगच्या बोटी "बघू पुढच्या वर्षी" म्हणून मिळायच्याच नाहीत, मी शिडाच्या बोटीत होते. त्यामुळे मला तुम्हा लोकांना न माहीत असलेला सुकाणू माहितीये.

तिसऱ्या वर्षाला तो दुपारचा आमच्याकडे यायला लागला. एंटरप्राइझ होती आमची, दोघांची बोट, निळी शिडं. माणसं कमी म्हणून मी त्याला घेतला. पहिल्या दिवशी टिलर (सुकाणूचा दांडा) हातात दिला तर पठ्ठ्या रोइंगच्या सवयीने नाकासमोर सरळ जायला बघतोय, आणि वारा समोरून. शिडं फडफडायला लागली आणि आम्ही तिथेच उभे. त्याला सांगितलं की बाबा, वाऱ्याच्या तोंडावर बोट जात नाही, साधारण ४५ अंश सोडून तिरकं जायचं, मग वळायचं, मग दुसऱ्या बाजूने तिरकं, असं नागमोडी जाऊनच वर पोचता येतं. तो गप्प बसला पाच मिनिटं. मग म्हणाला, "म्हणजे इथे पुढचं दिसतं पण सरळ जाता येत नाही, आणि तिकडे सरळ जातो पण चौघांना पुढचं दिसत नाही." मी म्हटलं तत्त्वज्ञान नंतर, आधी डोकं खाली घे, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) येतोय. नाही घेतलं. टेंगूळ आलं ते चार दिवस मिरवत होता.

पण शिकला फार पटकन. दोऱ्या हातात धरून बोटीचं मन ओळखायची सवय होतीच. आणि नियमांचा कीडा. डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने उजव्या बाजूने घेणाऱ्याला वाट द्यायची हा साधा नियम, पण समोरून बोट आली आणि आपला हक्क असो वा नसो, तो असा "स्टारबोर्ड!" (उजवी बाजू) ओरडायचा की समोरचे लोक हक्क असूनसुद्धा वळायचे. आमच्याच एका सीनियरला त्याने असं दोनदा फसवलं होतं, आता सांगायला हरकत नाही.

पुढे नोकरी लागल्यावर त्याने लेझरवर एकट्याने शीड मारायला सुरुवात केली. हे कमी लोकांना माहितीये. ब्रूस कर्बीने डिझाइन केलेली ती साधीसुधी एकट्याची बोट, १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. तिची मजा म्हणजे बोट तीच, पण वजनाप्रमाणे शीड लहानमोठं लावता येतं. मोठं सात चौरस मीटरचं, त्याखालचं रेडियल पावणेसहाचं. मला फोन करून म्हणाला, "बघ, इथे मला वाळू न्यायला नाही सांगत, शीडच लहान करून देतात. माणुसकी आहे."

नवशिक्या_२१

मी सध्या कॉलेजच्या टीममध्ये रोइंग करतोय, दोन नंबरला बसतो. काका, काकू, तुमचे प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. आमचा कॉक्स मोबाइलवर स्ट्रोक रेट बघतो आणि आमच्यावर वैतागतो :D त्याला हा धागा पाठवलाय.

एक शंका, जिंकल्यावर कॉक्सला पाण्यात फेकायची पद्धत तुमच्या वेळी होती का?

बो_वाला

काकू म्हणालास ते जिबशीट बघून घेईल तुझ्याकडे.

होती तर. पण आम्हाला कधी संधीच मिळाली नाही. शेवटच्या वर्षी फायनलला आम्ही पुढे होतो, शेवटच्या पाचशे मीटरात गडबड झाली आणि दुसरे आलो. जेट्टीला बोट लावली, कोणी कोणाशी बोलेना. सुकाणू उठला, भोंगा काढला, धाकटी माझ्या हातात दिली, म्हणाला "धर, भिजू देऊ नकोस", आणि कपड्यांसकट स्वतःच पाण्यात उडी मारली. वर येऊन म्हणाला, "तुम्ही फेकायची वाट बघितली तर मी म्हातारा होईन." मी त्या पिशवीला तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून उभा होतो. हसावं का रडावं कळेना.

स्ट्रोकसीट

तो प्रसंग मीच लिहिणार होतो, बरं झालं तू लिहिलास. त्याच संध्याकाळी त्याने सरांना जाऊन सांगितलं की रेस माझ्यामुळे गेली, मी सुकाणू जास्त ओढलं. मी बाजूलाच होतो.

नंबर_तीन

दोन दिवस हा धागा उघडतोय आणि बंद करतोय. मी बाहेरगावी असल्यामुळे अंत्यदर्शनालाही येऊ शकलो नाही.

त्याने सरांना काय सांगितलं ते मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी गप्प बसलो. क्रॅब माझा होता. (कोरडा_प्रवासी, खेकडा नाही. वल्ह्याचं पातं पाण्यातून वेळेवर निघालं नाही की पाणी ते खाली ओढून धरतं, मूठ येऊन छातीत बसते आणि सगळ्या बोटीला ब्रेक लागल्यासारखं होतं, त्याला क्रॅब म्हणतात.) मला तीन स्ट्रोक लागले वल्हं सोडवायला. त्या तीन स्ट्रोकांत शेजारची बोट निघून गेली. सगळ्या जेट्टीने बघितलं असणार, पण त्याने आधीच जाऊन आपल्या अंगावर घेतलं आणि मग मला कोणी काही विचारलंच नाही.

तीस वर्षांत त्याच्याशी कितीदा बोललो असेन. विषय काढायचा ठरवून फोन करायचो आणि मग तो शिडांबद्दल बोलायला लागायचा. २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब रेसच्या (शिडाच्या बोटीतून एकट्याने जगाला फेरी) वेळी तर रोज. आजार त्याच सुमाराला कळला होता. अभिलाष टॉमी २०१८ च्या रेसमध्ये डोलकाठी मोडून पाठीला मार लागून दक्षिण हिंदी महासागरात अडकला होता, तोच माणूस परत त्याच रेसला उतरला, आणि दुसरा आला, हे सुकाणूला कोणत्याही औषधापेक्षा जास्त लागू पडत होतं. त्या रेसमध्ये जीपीएस वापरायला बंदी, सूर्यतारे बघून सेक्स्टंटने आपली जागा काढायची. पण किनाऱ्यावरच्या लोकांना ट्रॅकरवर सगळं दिसतं. सुकाणू म्हणायचा, "तो कुठे आहे हे मला इथे पलंगावर माहितीये आणि त्यालाच नक्की माहीत नाही. कॉक्सची जागा आहे ही." अशा माणसाला मी मधेच थांबवून क्रॅबचं काय सांगणार होतो. आता सांगतोय तर ऐकायला तो नाही. असो.

बो_वाला

तिन्या, एक मिनिट थांब. मी हे तुला वीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं बहुतेक.

तुझा क्रॅब झाला हे खरं. पण तो झाला का? मी बो ला होतो, बोट जरा कलंडली की सगळ्यात आधी मला कळायचं. तुझ्या क्रॅबच्या आधीच्या स्ट्रोकला बोट तुझ्या बाजूला झुकली होती. सुकाणू ओढायचं असेल तर वल्ही पाण्यात असताना ओढायचं, तेव्हा बोट चार पात्यांवर तोललेली असते. वल्ही हवेत असताना ओढलं की ती कलते आणि खाली गेलेल्या बाजूचं पातं उचलायला जागाच राहत नाही. हे त्यानेच आपल्याला शंभरदा सांगितलेलं. त्या दिवशी झुळूक आली, बोट लेनच्या कडेला सरकली आणि त्याने घाईत चुकीच्या वेळी ओढलं. म्हणजे तो खोटं बोलला नाही, तो तुझ्यासाठी मोठेपणा वगैरे करत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं.

नंबर_तीन

झुळकेनेसुद्धा कलते बोट. तू हे मला बरं वाटावं म्हणून लिहितोयस.

बो_वाला

तुला बरं वाटावं म्हणून मी आजपर्यंत काही केलंय का?

स्ट्रोकसीट

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. भुवई वर गेली होती हे नक्की. पण ती बोट सरकली म्हणून, की शेजारचे आले म्हणून, की तिन्याचं वल्हं अडकलेलं दिसलं म्हणून, ते नाही सांगता येणार. इतक्यांदा मनात चालवून बघितलंय की आता खरं कुठलं आणि मी घातलेलं कुठलं ते मलाच कळत नाही.

जिबशीट

तुम्ही तिघं अजून त्याच पाचशे मीटरात आहात. मी किनाऱ्यावर होते, आम्हाला तिथून काहीही कळलं नाही, एवढंच दिसलं की बोट थबकली.

अवांतर: त्याने मला सांगितलेली एक गोष्ट इथे बसते म्हणून लिहिते. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये डच पेअरला आपला कॉक्स जड वाटायला लागला म्हणून त्यांनी फायनलला ऐनवेळी तिथलाच एक फ्रेंच पोरगा उचलून बोटीत बसवला. आणि ते जिंकले. त्या पोराचा दोघा वल्हेकऱ्यांबरोबर फोटो आहे, पण तो कोण, कुठला, वय काय, हे कितीतरी वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑलिंपिकचं सुवर्ण आणि नाव नाही. सुकाणूला ही गोष्ट भयंकर आवडायची, मला निदान सहा वेळा सांगितली असेल. मला दर वेळी वाईट वाटायचं आणि तो दर वेळी खूश व्हायचा.

नवशिक्या_२१

बो_वाला काकांचं टेक्निकली बरोबर आहे. आमचे कोचही तेच सांगतात, सुकाणू हलवायचं ते पाती पाण्यात असताना. पण तसं पाहिलं तर ज्याचा हात उशिरा खाली दाबला जातो त्याचाही क्रॅब होतोच, बोट कितीही सपाट असली तरी. सॉरी नंबर तीन काका. मी गप्प बसतो.

धाकटीचीताई

नमस्कार. मी त्यांची मुलगी. स्ट्रोकसीट काकांनी आईला लिंक पाठवली, आईने मला. सगळं वाचलं, दोनदा. आयडी मुद्दाम असा घेतलाय, पिशवीला धाकटी म्हणायचे हे मला आजच कळलं.

बाबांच्या वह्या आहेत, तेरा. प्रत्येक वेळी पाण्यात उतरले की वारा, पाणी, कोण होतं, काय मोडलं एवढंच लिहायचे. आम्हाला लहानपणी वाटायचं हिशोबाच्या वह्या आहेत. काल रात्री तुमच्या त्या फायनलचं पान शोधलं. तुम्ही क्रॅब की सुकाणू असं भांडताय म्हणून वाटलं की काही सापडेल. जसंच्या तसं देते:

"वारा डावीकडून, झुळका. शेवटी पाणी खडबडीत. दुसरे, पावणेदोन लांबी. वाळू ओली, उन्हात घालणे. उद्या साडेपाच."

बस एवढंच. मागचं-पुढचं पानही बघितलं. क्रॅबचं नाही, सुकाणूचं नाही, कोणाचंच नाव नाही.

स्ट्रोकसीट

बाळा, फार फार बरं केलंस इथे आलीस.

पावणेदोन? बोटीची दीड लांबी होती. तो हरताना नेहमी पाव वाढवून लिहायचा.

पण एक कळलं नाही. वाळू ओली कशी? पिशवी तर बो कडे होती. "तान्ह्या बाळासारखी छातीशी."

बो_वाला

...

ठीक आहे. पडली होती. तो पाण्यात उडी मारत होता तेव्हा मला भरून आलं, डोळे पुसायला हात उचलला आणि गेली जेट्टीवरून खाली. गुडघाभर पाणी होतं, कोणी बघायच्या आत काढली, पिळली आणि बोटीत त्याच्या सीटखाली ठेवून दिली. आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. तोही कधी काही बोलला नाही मला. च्यायला, त्याला तेव्हाच माहीत होतं.

नंबर_तीन

म्हणजे तीस वर्षं तू पण.

हसतोय मी इथे एकटाच. बायको विचारतेय काय झालं.

धाकटीचीताई

काका, खाकी कापडाची, तोंडाला सुतळी, एका कोपऱ्याला निळ्या दोऱ्याने शिवलेली, तीच का? ती आमच्याकडे आहे. गच्चीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतो आम्ही, मला आठवतंय तेव्हापासून. बाबा कोणाला हलवू द्यायचे नाहीत. मला वाटायचं दारासाठी.

नंबर_तीन

तीच. निळी शिवण माझी आहे, होस्टेलवर घातलेली.

काटा असेल घरात तर वजन करून बघशील का, अजून चार भरतंय का ते?